जळक्या ऑईलचा ड्रम द्यायचा कुणाला?

प्रश्न : आमचं दुचाकींचं गॅरेज आहे. शेजारच्या जागेत धुलाईचा रॅम्प टाकून चारचाकीही घ्यायच्या म्हणून कर्ज मागितलं, तर बँकेने प्रदूषण मंडळाचा कन्सेंट, म्हणजे संमती, आणायला सांगितलं. एजंट म्हणतो, शेड उभी करा, कन्सेंट मागाहून काढून देतो. गाड्यांतून काढलेलं जळकं ऑईल आम्ही सेंट्रिंगवाल्याला देतो, तेही चालत नाही असं ऐकलं. खरं काय? – एक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, शेड उभी करण्याआधी विचारलंत, फार बरं केलंत. लहान कारखानदारांच्या कन्सेंटच्या फायली भरण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. 'मागाहून काढून देतो' या एका वाक्यापायी अडकलेली माणसं मी फार पाहिली आहेत. 1974चा जल कायदा आणि 1981चा वायू कायदा, दोन्हींत संमती आधी आणि बांधकाम नंतर. पहिली संमती उभारणीची, दुसरी चालवण्याची. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होतो. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, म्हणून सीएचा दाखला आधी काढून ठेवा. एजंट खुशाल नेमा, पण लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

रॅम्पचा नकाशा आताच नीट करून घ्या. धुतलेलं पाणी सरळ ओढ्यात सोडता येत नाही, त्यात तेल-ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर असून चालत नाही. तीन कप्प्यांचा चेंबर बांधा : गाळ तळाला बसतो, तेल वर तरंगतं आणि मधलं पाणी पुढच्या कप्प्यात जातं. यात एक खोट असते, ती मिस्त्री सांगत नाही. शाम्पूचा फेस जास्त झाला की तेल पाण्यात फुटून मिसळतं, वर येतच नाही. चेंबर असूनही पाणी गढूळच निघतं. इंजिनवरचं तेल आधी चिंधीने पुसून घ्यायची सवय पोरांना लावा. त्या चिंध्या आणि जुने ऑईल फिल्टर वेगळ्या डब्यात टाका. तोही घातक कचराच आहे.

आता जळकं ऑईल. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला ते कोण घेऊन जातं, हे गावोगावी सगळ्यांना ठाऊक आहे. पण 2016च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल पहिल्याच अनुसूचीत, 5.1 क्रमांकावर आहे. ते प्राधिकारपत्र, म्हणजे घातक कचरा हाताळायची मंडळाची परवानगी, असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला किंवा नोंदणी असलेल्या संकलकालाच देता येतं. एका गॅरेजमागची विहीर मी पाहिली आहे. पोहरा वर आला की पाण्यावर मोरपंखी तवंग हलायचा, आणि त्या घरातली सून रोज दोन वाड्या ओलांडून घागर आणायची. म्हणून सेंट्रिंगवाल्याला स्पष्ट नाही म्हणा, ताई. ओळखीचा असला तरी.

प्राधिकारपत्रासाठी वेगळी धावपळ नको, आपलं मंडळ ते चालवण्याच्या संमतीबरोबर एकत्रच देतं. ड्रम पक्क्या फरशीवर, छपराखाली ठेवा, वर लेबल लावा. एरवी 90 दिवसांच्या वर साठवू नका. किती निघालं, किती दिलं, ते वहीत लिहा, 30 जूनपर्यंत वार्षिक विवरण त्यावरूनच भरायचं असतं. गाडी तेल न्यायला आली की मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचरा वाहतुकीच्या रंगीत प्रतींच्या कागदाच्या, पिवळ्या प्रतीवर ड्रायव्हरची सही घेऊन ती ठेवून घ्या. तेल पोचल्यावर घेणाऱ्याने निळी प्रत तुम्हाला परत पाठवायची असते. ती आली नाही, तर पुढचा ड्रम त्याला देऊ नका.