उडणाऱ्या माणसालाही वजन हवे

वाचकांची प्रश्नोत्तरे : चित्रपट

या अंकासाठी आलेल्या पत्रांत सुपरहीरोपट, ॲनिमेशनपट आणि गंभीर प्रकृतीचे कौटुंबिक-सामाजिक चित्रपट अशी तिन्ही प्रकारची नावे आहेत. उत्तरे लिहिताना मला वारंवार एकाच मुद्द्याकडे परतावे लागले, म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : सुपरहीरोंचे चित्रपट मी वीस वर्षे आवडीने पाहत आलो. अलीकडे मात्र शेवटचा अर्धा तास पडद्यावर इमारती कोसळत असतात आणि मी घड्याळ पाहत असतो. मुलगा म्हणतो, “बाबा, तुमचे वय झाले.” त्याचे खरे मानावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वयाचा येथे काही संबंध नाही. इमारत कोसळताना तुमच्या मनात काही हलत नसेल, तर ती इमारत कोणाची होती हे चित्रपटाने तुम्हाला कधी सांगितलेलेच नाही. त्याच इमारतीच्या एका गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि कठड्याला टेकून उभी असलेली एखादी म्हातारी आधी दिसली असती, तर ती गॅलरी खाली येताना तुमच्या पोटात नक्की गोळा आला असता. संगणकाने आज अख्खे शहर पाडता येते, परंतु पडणाऱ्या वस्तूला वजन द्यावे लागते आणि ते कोणीतरी मन लावून द्यावे लागते.

‘वजन’ हा शब्द मी ॲनिमेशन करणाऱ्यांकडून घेतला आहे. या विद्येत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक उसळणारा चेंडू काढायला देतात. चेंडू रबराचा आहे की लोखंडाचा, हे रंगावरून न कळता त्याच्या पडण्यावरून आणि उसळण्यावरून कळले पाहिजे, अशी त्यात अट असते. वरवर साधे वाटणारे हे काम जमेपर्यंत विद्यार्थ्याचा चांगलाच घाम निघतो.

तुम्ही ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) पाहिला नसेल, तर मुलाला शेजारी बसवून अवश्य पाहा. ब्रुकलिनमधल्या मायल्स मोरालेस या शाळकरी मुलाच्या अंगी अचानक स्पायडर-मॅनची शक्ती येते आणि ती कशी वापरायची हे त्याला ठाऊक नसते. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी (फ्रेम) असतात. येथे मायल्सच्या सुरुवातीच्या बऱ्याच प्रसंगांत प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकवले आहे, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रे. जंगलातून झोके घेत पळण्याच्या प्रसंगात मुरलेला स्पायडर-मॅन पीटर पार्कर चोवीस चित्रांत सहज तरंगत जातो आणि त्याच्या शेजारी मायल्स बारा चित्रांत अडखळत, धडपडत येतो. प्रेक्षकाला हे गणित माहीत असण्याचे कारण नाही, पण हा मुलगा अजून कच्चा आहे हे त्याच्या डोळ्यांना बरोबर समजते. पुढे मायल्सला स्वतःची ओळख पटते तेव्हा त्याच्या हालचालीही चोवीस चित्रांत वाहू लागतात.

त्याच चित्रपटातल्या एका क्षणासाठी मी तो तीनदा पाहिला. मायल्स उंच इमारतीच्या काचेला बोटे चिकटवून उभा असतो आणि अखेर खाली झेप घेतो. तो झेपावतो, पण त्याची बोटे काच सोडत नाहीत, त्यामुळे काचेचे तुकडे त्याच्या हातांबरोबर निघून येतात. झेप घेण्याचा निर्धार झाला आहे आणि भीती अजून बोटांच्या टोकाशी शिल्लक आहे, ही एवढी गोष्ट एकाही शब्दाशिवाय त्या फुटक्या काचेत मावली आहे. त्यानंतर कॅमेरा उलटा होतो, आणि पडणारा मुलगा आपल्याला वर चढताना दिसतो. या दृश्यात कोणतेही शहर कोसळत नाही आणि तरीही आपण श्वास रोखून बसलेले असतो. मुलाला हे दृश्य दाखवा आणि मग वयाविषयी बोला.

प्रश्न : ‘मिन्नल मुरली’ हा मल्याळम चित्रपट पाहिला आणि मला नायकापेक्षा खलनायकासाठी रडू आले. असे होणे म्हणजे दिग्दर्शकाची चूक नव्हे का? आणि असा सुपरहीरो मराठीत का होत नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ती चूक मुळीच नाही, त्या चित्रपटाचे ते सर्वांत मोठे यश आहे. बेसिल जोसेफ दिग्दर्शित हा चित्रपट डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केरळमधल्या एका खेड्यात एकाच रात्री दोन माणसांवर वीज कोसळते आणि दोघांनाही विलक्षण शक्ती मिळते. एक अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहणारा शिंपी जेसन, आणि दुसरा चहाच्या टपरीवर राबणारा, गावाने वेडगळ ठरवलेला शिबू. टोविनो थॉमस यांनी जेसन चांगलाच रंगवला आहे, परंतु गुरु सोमसुंदरम यांचा शिबू पाहताना आपण नायक कोण हेच विसरून जातो.

शिबूचे एका स्त्रीवर अठ्ठावीस वर्षे प्रेम आहे. ती अखेर त्याला होकार देते, त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकाच वेळी येते आणि त्याला दोन्ही आवरता येत नाहीत. पुढे काय होते ते मी लिहिणार नाही. एवढेच म्हणेन की ज्या माणसाला आयुष्यभर कोणी माणसात धरले नाही, त्याच्या हाती अफाट ताकद आल्यावर काय होईल, हा प्रश्न येथे प्रामाणिकपणे विचारलेला आहे. वीज दोघांवरही सारखीच पडली. गावाने मात्र दोघांना सारखे वागवले नव्हते आणि त्यांच्या वाटा तेथेच वेगळ्या झाल्या.

मराठीत प्रयत्न झालेलाच नाही असे म्हणता येणार नाही. निखिल महाजन यांनी श्रेयस तळपदे यांना घेऊन २०१५ मध्ये ‘बाजी’ केला होता. पैशांची अडचण खरीच आहे, परंतु ‘मिन्नल मुरली’मधले जे तुम्हाला भिडले ते पैशांनी विकत घेतलेले नव्हते. शिंप्याचे दुकान, चहाची टपरी, सगळ्यांना सगळ्यांचे ठाऊक असणारे गाव आणि अठ्ठावीस वर्षांचे न बोललेले प्रेम यांपैकी आपल्याकडे काय कमी आहे? आपल्या लेखकांनी ही वाट धरावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : स्पायडर-मॅनचा चित्रपट मराठीत आला होता असे ऐकले. लहान मुलांना मराठीत दाखवावा की मूळ इंग्रजीत? (एक पालक, पुणे)

उत्तर : तुम्ही ऐकले ते खरे आहे. वर उल्लेखिलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग, ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’, जून २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठी होती. पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन आणि त्याचे ‘मुंबॅटन’ हे शहर याच भागात आहे, आणि ‘चाय टी’ म्हणणाऱ्या मायल्सला “चाय म्हणजेच चहा” असे तो जे ठणकावतो, ते मुलांना फार आवडते. मिळाल्यास पहिल्यांदा मराठीत दाखवा. या चित्रपटांची प्रत्येक चौकट इतकी भरगच्च असते की खालची अक्षरे वाचण्यात मुलांची नजर गुंतली, तर अर्धा चित्रपट हातचा जातो.

प्रश्न : आमच्या घरी ‘कार्टून म्हणजे पोरांचा खेळ’ असे ठाम मत आहे. मी ‘फ्लो’ लावला तेव्हा मोठी माणसे उठून गेली. त्यांना काय सांगू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : काही सांगू नका, पुन्हा लावा आणि पहिली दहा मिनिटे त्यांना बसवून ठेवा. गिंट्स झिल्बालोडिस या लाटव्हियाच्या तरुण दिग्दर्शकाचा हा चित्रपट सुमारे ३५ लाख युरोंत, ब्लेंडर या कोणालाही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तयार झाला. मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले आणि लाटव्हियाच्या वाट्याला आलेले ते पहिलेच ऑस्कर ठरले.

महापुरात सापडलेली एक मांजर आणि तिच्याबरोबर एका होडीत आलेले चार-पाच प्राणी, एवढीच कथा आहे. त्यात माणूस नाही आणि एकही संवाद नाही. प्राणी माणसासारखे बोलत नाहीत, गात नाहीत. मांजर पाण्याच्या कडेशी येऊन पंजा पुढे करते, मागे घेते, कान पाडते, आणि ज्याच्या घरी मांजर आहे त्याला ती काय म्हणते आहे ते लगेच कळते. आवाजही खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपिबारा या गलेलठ्ठ, शांत प्राण्याचा खरा आवाज फारच किरटा निघाला, म्हणून त्याला उंटाच्या पिलाचा आवाज दिला. पाण्याला घाबरणारी हीच मांजर पुढे स्वतः बुडी मारून इतरांसाठी मासे आणते. तिच्यातला हा बदल कोणी बोलून दाखवत नाही आणि दाखवण्याची गरजही पडत नाही.

घरातल्या मोठ्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. एकेक चौकट टिपून निर्जीव वस्तूत प्राण आणण्याचे हे काम आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी फार पूर्वी केले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ चौकटीचौकटीने टिपली आणि ती दाखवून चित्रपटासाठी भांडवल मिळवले. पुढे त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. आपल्या चित्रपटांची सुरुवातच अशी एका हलणाऱ्या अंकुरापासून झालेली असताना, याला पोरखेळ म्हणणे बरे नव्हे.

प्रश्न : ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ नऊ वर्षांच्या मुलीला दाखवू का? ॲनिमेशन आहे म्हणून विचारते. (एक आई, ठाणे)

उत्तर : आत्ता नको. इसाओ ताकाहाता यांचा हा १९८८ चा जपानी चित्रपट मी पाहिलेल्या युद्धपटांत सर्वांत थोर आहे आणि त्याच कारणाने मी तुम्हाला थांबवतो आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत अनाथ झालेल्या भाऊ-बहिणीची ती कहाणी आहे. भाऊ कसा मरतो हे पहिल्याच दृश्यात कळते, आणि त्याच्याजवळ सापडलेला गोळ्यांचा पत्र्याचा डबा कोणीतरी अंधारात भिरकावून देते. त्या डब्यात काय आहे ते नंतर उमगते. धाकट्या सेत्सुकोचे वय चारच वर्षांचे आहे, आणि तुमची मुलगी तिला स्वतःची बहीण समजेल. तीन-चार वर्षांनी, सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या वेळी, तुम्ही स्वतः जवळ बसून दाखवा आणि नंतर लगेच दुसरे काही लावू नका. तोपर्यंत लहानांनाही दाखवता येईल असा ‘माय नेबर टोटोरो’ हा ॲनिमेशनपट आहे. हे दोन्ही चित्रपट जपानमध्ये एकाच दिवशी, एकाच खेळात जोडीने प्रदर्शित झाले होते.

प्रश्न : ‘परफेक्ट डेज’ची इतकी स्तुती वाचून तो पाहिला. माणूस उठतो, स्वच्छतागृहे धुतो, झोपतो. त्यात घडते काय? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चित्रपटाचा नायक हिरायामा टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करतो. त्याचे काम पाहताना तुमचे लक्ष त्याच्या हातातल्या छोट्या आरशाकडे गेले का? भांड्याची जी बाजू कोणालाच दिसत नाही, तिच्याखाली तो आरसा धरून ती स्वच्छ झाली की नाही हे बघतो. कोजी याकुशो यांना २०२३ मध्ये कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला, तो अशा हालचालींसाठीच मिळाला असे मी मानतो.

आणि घडते बरेच. त्याची श्रीमंत बहीण गाडीतून भाचीला न्यायला येते आणि तो खरोखरच स्वच्छतागृहे धुतो का, असे विचारते. तो होकारार्थी मान हलवतो, तिला मिठी मारतो आणि गाडी गेल्यावर रस्त्यात उभा राहून रडतो. वडील, जुने घर, तुटलेली नाती या सगळ्यांची पंचवीस वर्षे असतील, तीस असतील, ती त्या रडण्यात आहेत, आणि दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी त्यांतले एकही वर्ष उलगडून सांगितलेले नाही. आपल्याला सांगितले जाण्याची सवय झाली आहे, म्हणून पहिल्यांदा पाहताना रिकामे वाटते. तुम्ही तो दिवसभराच्या कामानंतर रात्री पाहिला असेल, तर एकदा सकाळी पाहा. शेवटी गाडी चालवणाऱ्या हिरायामाचा चेहरा बराच वेळ पडद्यावर राहतो आणि त्यावर ऊन येते-जाते. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि काय वाटले ते मला पुन्हा लिहा.