फिलॉसॉफीत एमए करायचंय, नोकरी सोडू का?

तुमचा मेल दोनदा वाचला. वय ३१, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, डोक्यावर कर्ज नाही, निम्मा पगार खर्च होतो, निम्मा शिल्लक पडतो. साठलेत ४० महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे, त्यातले २२ महिन्यांचे रिटायरमेंटच्या खात्यात. आता नोकरी सोडून दोन वर्षांचं फुलटाइम एमए करायचंय, एकूण फी १० महिन्यांच्या खर्चाएवढी, आणि तुम्ही विचारताय की ही गुंतवणूक म्हणून कशी वाटते.

गुंतवणूक म्हणून वाईट आहे. पण करू नका असं मी म्हणत नाहीये, खर्च म्हणून धरा आणि मग परवडतोय का ते बघू. तुम्ही महिन्यांच्या हिशोबात आकडे दिलेत ते बरं केलंत, मीही तसाच मांडतो.

नोकरी केलीत तर दोन वर्षांनी ४० अधिक २४ असे ६४ महिने हातात असतील. सोडलीत तर २४ महिने जगायला आणि १० फीला जाऊन उरतील फक्त ६, आणि तेसुद्धा रिटायरमेंटच्या खात्यातले, म्हणजे ते खातं फोडावं लागणार आणि इमर्जन्सी फंड शून्य. फरक ५८ महिन्यांचा. त्यात फी फक्त १०, बाकीचे ४८ म्हणजे न मिळालेला २४ महिन्यांचा पगार (खर्चाच्या दुप्पट). लोक स्कॉलरशिप शोधत बसतात ती फीसाठी, पण खरा पैसा जातो तो दुसरीकडूनच. शिवाय महागाई वजा जाता ४ टक्के वाढ धरली तरी (७२ ला वाढीच्या टक्क्याने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण कळतात) ७२ भागिले ४ म्हणजे १८ वर्षांत रक्कम दुप्पट होते, म्हणजे एमए संपेल तेव्हा तुम्ही ३३ चे, तिथून १८ वर्षांनी, ५१ व्या वर्षी हेच ५८ महिने ११६ झाले असते, जवळपास दहा वर्षांचा घरखर्च!

म्हणूनच जर्मनीत फी नाही मग तिकडे जाऊ का, या प्रश्नाने माझं उत्तर फारसं बदलत नाही. तिथल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फी नाही हे खरंय, पण हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग ही फिलॉसॉफीसाठी नाव असलेली गावं बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये येतात आणि तिथे २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात. आणि फी पूर्ण माफ झाली तरी ५८ चे ४८ होतात, एवढंच. ब्रिटनमधलं एमए बहुतेक ठिकाणी एका वर्षात होतं, त्यात बुडणारा पगार निम्म्यावर येतो, त्यामुळे तिथली फी जास्त दिसली तरी तेवढ्यावरून यादीतून काढू नका, आधी एकूण बेरीज करा.

तुम्ही लिहिलंय की फिलॉसॉफीवाल्यांचे जीआरईचे (परदेशात पुढच्या शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा) स्कोअर चांगले येतात आणि पुढे त्यांचं बरं चालतं. स्कोअरचं बरोबर आहे, पण ती मुलं बॅचलरला फिलॉसॉफी घेतलेली असतात आणि मुळात वाचन-लिखाणात पक्की असलेलीच तिकडे वळतात, त्यातली कितीतरी पुढे लॉ करतात. त्यावरून ३१ व्या वर्षी एमए केल्यावर पगार वाढेल असा निष्कर्ष निघत नाही. एआय एथिक्समधल्या जॉबचं म्हणाल तर एक साधं काम करा, अशा २० जाहिराती काढा आणि फिलॉसॉफीचं एमए असलेला पण पीएचडी नसलेला माणूस कितींना चालतो ते मोजा. मला फार आशा वाटत नाही.

पीएचडी करून शिकवायचं असेल तर मात्र हिशोब वेगळा. अमेरिकेत बॅचलरनंतर थेट पीएचडीला घेतात, चांगल्या डिपार्टमेंटमध्ये फी माफ असते आणि स्टायपेंड मिळतो, बदल्यात शिकवायचं. तुमचं बॅचलर कॉम्प्युटरचं, त्यामुळे मधे एमएचा पूल लागेल, अमेरिकेतल्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणचं एमए त्याच कामासाठी ओळखलं जातं. ऑक्सफर्डचं बीफिल नावाने बॅचलर वाटलं तरी दोन वर्षांची मास्टर्स लेव्हलची डिग्री आहे. पण कायमच्या जागा कमी, आणि पीएचडीनंतरही वर्ष-दोन वर्षांच्या टेम्पररी काँट्रॅक्टवर फिरत राहणं अगदी कॉमन आहे. मेलमध्ये तुम्ही याबद्दल एक ओळही लिहिली नाहीत म्हणून मी धरतोय की तुम्हाला विषय वाचायचाय, प्रोफेसर व्हायचं नाहीये.

तसं असेल तर पार्टटाइम करा. लंडनच्या बर्कबेकमध्ये वर्ग संध्याकाळी भरतात, ओपन युनिव्हर्सिटीचं एमए घरून करता येतं, एडिनबराचं एपिस्टेमॉलॉजी (ज्ञान म्हणजे काय याचा अभ्यास), एथिक्स आणि माइंडचं एमएससी ऑनलाइन आहे. तीन वर्षं लागली असं धरू: पगार चालू, ३६ महिन्यांची बचत, त्यातून १० फीला, म्हणजे शेवटी ६६. ६ कुठे आणि ६६ कुठे (वर्षं सारखी नाहीत हे मान्य, तरी)! कागदावर हे इतकं छान दिसतं की लोक त्रास विसरतात. कांट या जर्मन तत्त्वज्ञाची दहा पानं वाचायला अख्खी संध्याकाळ जाते, दिवसभर बग शोधून आल्यावर ते डोक्यात शिरत नाही, आणि सेमिनारमध्ये कोणीतरी तुमचं म्हणणं खोडून काढणं हाच या शिक्षणाचा मोठा भाग असतो, तो ऑनलाइनमध्ये पातळ होतो. म्हणून माझा सल्ला मधला आहे. ऑफिसात आठवड्याला चार दिवसांचं काम मागा, पगार ८० टक्के. मग महिन्याला ०.६ महिन्याची बचत, तीन वर्षांत २१.६, फी वजा जाता ११.६, शेवटी हातात ५१ च्या वर आणि रिटायरमेंटचं खातं जसंच्या तसं. ऑफिस नाही म्हणालं तरी नुकसान काही नाही, विचारून बघा.

कर्ज काढून फुलटाइम करण्याचा पर्याय तुम्ही शेवटी घाईत लिहिलाय, तो खोडून टाका. ज्या डिग्रीने पगार वाढेल याची खात्री नाही तिचे हप्ते आत्ताच्याच पगारातून जाणार.

आणि या आठवड्यात राजीनामा देऊ नका. ॲडमिशन लेटर आलंय त्या युनिव्हर्सिटीला दोन गोष्टी लेखी विचारा, सीट एक वर्ष पुढे ढकलता येते का आणि तोच कोर्स पार्टटाइम करता येतो का, आणि डिपॉझिट भरायच्या आधी ते कुठल्या तारखेपर्यंत परत मिळतं तेही विचारून घ्या.