आधी यादी, मग एच-इंडेक्स

प्रिय,

एका संशोधकाचे शोधनिबंध, त्यांना मिळालेली सायटेशन्स (म्हणजे इतर निबंधांनी दिलेले संदर्भ) आणि सहलेखन, हे सगळं मोजायचं काम तू अंगावर घेतलं आहेस. डेटाबेसमध्ये नाव टाकलं की एक आकडा लगेच समोर येतो. तो इतक्यात उचलू नकोस. या कामातला बराचसा वेळ यादी साफ करण्यात जातो, आणि तो जायलाच हवा.

एकच माणूस तीन-चार रूपांत सापडतो: कुठे पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे लग्नाआधीचं आडनाव. वर त्याच आद्याक्षरांचा दुसराच कुणीतरी त्यात मिसळलेला असतो. म्हणून ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, १६ अंकी क्रमांक, संस्था, विषय आणि नेहमीचे सहलेखक ताडून बघ. संशोधकाकडून त्यांची स्वतःची यादी मागव आणि ओळीला ओळ लाव. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या दोन डेटाबेसमधल्या नोंदी एकत्र केल्यास की दुहेरी नोंदी डीओआयवरून, म्हणजे निबंधाच्या कायमच्या डिजिटल क्रमांकावरून, काढ. डीओआय नसेल तिथे शीर्षक आणि वर्ष बघ. प्रीप्रिंट (छापण्याआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) आणि छापील निबंध यांचे डीओआय सहसा वेगळे असतात, ती जोडी हातानेच पकडावी लागते.

यादी दोन्हीकडून जमवलीस तरी सायटेशन्स एकाच डेटाबेसमधून घे. बेरीज केलीस तर एकच सायटेशन दोनदा मोजलं जाईल. गुगल स्कॉलरचा आकडा बहुधा सर्वांत मोठा दिसतो, कारण त्यात प्रबंध, प्रीप्रिंट, अहवाल असं बरंच काही येतं. आकड्याशेजारी डेटाबेसचं नाव आणि तारीख लिहिली नसेल, तर तो मी वाचतच नाही.

आता एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. किमान एच सायटेशन्स मिळालेले एच निबंध असतील, तर त्यातला सर्वांत मोठा आकडा म्हणजे एच. समज, ९ निबंधांची सायटेशन्स उतरत्या क्रमाने ४८, २१, १३, ९, ६, ५, ३, १, ० अशी आहेत. पाचव्या निबंधाला ६ आहेत, म्हणजे किमान ५; सहाव्याला मात्र ५ च. म्हणून एच ५. आता पहिल्या निबंधाचे ४८ चे ४८० कर. एच तरीही ५ च! एखादा गाजलेला निबंध त्याला दिसतच नाही. सरासरीचं उलटं: इथे ती ११.८ येते, मधला निबंध मात्र ६ वर आहे. त्यामुळे एचसोबत एकूण सायटेशन्स आणि मध्यक (हा मधल्या निबंधाचा आकडा) दोन्ही दे. स्वतःचीच सायटेशन्स वगळून आणि धरून, असे दोन्ही आकडेही दे. आपल्याच आधीच्या कामाचा उल्लेख करणं हा काही गुन्हा नव्हे, पण दोन आकड्यांत फार तफावत असेल तर निबंध उघडून बघ.

एच वयाबरोबर वाढतो, कमी कधी होत नाही. म्हणून ५ वर्षं काम केलेल्याची तुलना २५ वर्षंवाल्याशी करू नकोस. गणितातल्याची जीववैद्यकातल्याशी तर मुळीच नको. संदर्भ देण्याची रीतच वेगळी. अशी तुलना मागितलीच, तर विषय आणि वर्षानुसार सामान्यीकृत आकडा वापर, म्हणजे त्याच विषयाच्या, त्याच वर्षाच्या निबंधांच्या सरासरीशी तुलना करून काढलेला. स्कोपसमध्ये त्याची जागतिक सरासरी १ धरलेली असते. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र या कोष्टकात नको. तो नियतकालिकातल्या आधीच्या २ वर्षांच्या निबंधांची सरासरी सायटेशन्स सांगतो, या निबंधाबद्दल काहीच नाही.

सहलेखनात लोक फसतात ते मोजण्याच्या नियमात. ९ पैकी २ निबंध एकट्याने, ४ दोघांनी, ३ तिघांनी लिहिले असतील तर सहलेखनाचं प्रमाण ७/९, म्हणजे ०.७८. पण दोघे आणि वीस जण यांत हे प्रमाण फरकच करत नाही. तो फरक सहलेखन गुणांक करतो: प्रत्येक निबंधासाठी १ भागिले लेखकसंख्या काढ, बेरीज कर (२ + २ + १ = ५), तिला ९ ने भाग आणि १ मधून वजा कर. उत्तर ०.४४.

सहलेखकांच्या जाळ्याचा आलेख व्हीओएसव्ह्यूअर या प्रोग्रॅममध्ये काढशील तेव्हा पूर्ण मोजणी की अंशात्मक, हे आधी ठरव. पूर्ण मोजणीत प्रत्येक जोडीला १ मिळतो; अंशात्मक मोजणीत लेखक जितके जास्त, तितका जोडीचा वाटा कमी. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. त्या एकाच निबंधातून १ कोटी ३२ लाखांहून जास्त जोड्या निघतात, आणि बाकीचं जाळं त्याखाली गाडलं जातं. असे निबंध असतील तर अंशात्मक मोजणीच घे, किंवा लेखकसंख्येची मर्यादा घाल आणि ती आलेखाखाली लिही. एकाच सहलेखकाची दोन रूपं राहिली असतील तर आलेखात दोन ठिपके दिसतील. प्रोग्रॅमच्या थिसॉरस फाइलमध्ये (एकाच नावाची रूपं जोडणारी यादी) ती जोड आणि पुन्हा चालव.

सध्या मला फक्त साफ केलेली यादी पाठव, वगळलेल्या नोंदी वेगळ्या पानावर आणि प्रत्येकीसमोर कारण लिहून.

तुझा,
मार्गदर्शक