वाचकांचे प्रश्न : ‘कुठे धरू?’ असे विचारणारे हात

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून नाशिकला पंचवटीत राहते. लहानपणी पोलिओ झाला. पुढे कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबड्यांच्या आधाराने शाळेत नोकरी केली, आणि खांदे साथ देईनासे झाल्यावर गेल्या वर्षी बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घेतली. तेव्हापासून मी एकटी बाहेर पडते. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एक भाजीवाली मावशी मी दिसताच टोपली मागे ओढून वाट करून देते. मात्र गेल्या महिन्यात रविवार कारंज्याजवळ पुढची चाके गटाराच्या जाळीत अडकली, तेव्हा शेजारच्या दुकानातल्या चार मुलांनी काही न विचारता मला खुर्चीसकट उचलले. एकाच्या हातात आर्मरेस्ट निखळून आली आणि मी पडता पडता वाचले. घरी येऊन रडले; ते भीतीने की त्यांच्या मायेने, मला सांगता येणार नाही. रामकुंडाजवळ तर एका आजींनी माझ्या मांडीवर दहाची नोट ठेवली. मुलगा म्हणतो, एकटी जाऊ नकोस. कुणाचे मन न दुखावता मदत कशी घ्यावी आणि कशी नाकारावी?

उत्तर : ताई, मी स्वतः १४ वर्षे अशीच खुर्ची वापरतो, त्यामुळे आपले रडू मला नीट समजले. त्या मुलांच्या मनात खोट नव्हती. खुर्ची कुठे धरायची, हे त्यांना कुणी कधी सांगितलेले नव्हते, इतकेच. साध्या व्हीलचेअरला मागून ढकलायचे असते, हे सर्वांना ठाऊक असते. बॅटरीच्या खुर्चीचे तसे नाही. तिच्या चाकांना मोटारीचा ब्रेक असतो आणि जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायची दांडी, सोडली की तो आपोआप लागतो, म्हणून जोर लावूनही ती हलत नाही आणि मग माणसे ती उचलायला धावतात. बॅटऱ्यांसह तिचे वजन अनेकदा माणसाच्या वजनाहून जास्त भरते. आर्मरेस्ट आणि फूटरेस्ट तर काढता याव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात, आणि उचलणाऱ्याचा हात नेमका तिथेच जातो.

म्हणून कुणीही जवळ आले की पहिले वाक्य आपले असले पाहिजे : ‘दादा, थांबा, आधी खुर्ची बंद करते.’ हे केवळ शिष्टाचारासाठी नाही. खुर्ची चालू असताना कुणाची बाही किंवा पिशवीचा बंद जॉयस्टिकला लागला, तर खुर्ची आपल्यासह एकदम पुढे झेपावते. नंतर खुर्चीच्या सांगाड्याचा जाड भाग बोटाने दाखवून ‘इथे धरा’ म्हणावे. जाळीत चाके अडकली असतील, तर सबंध खुर्ची उचलण्याची गरज सहसा नसते. दोघांनी पुढचा सांगाडा दोन-तीन बोटे वर धरला आणि ‘आता’ म्हणून आपण खुर्ची पुन्हा चालू करून अगदी हळू मागे घेतली, की बहुधा काम होते. खटका फिरवून मोटारीचा क्लच सोडला, म्हणजे मोटार चाकांपासून सुटी केली, की खुर्ची ढकलता येते, पण क्लच सुटला की ब्रेकही सुटतो. घाटाकडच्या उतारावर कुणी मागून घट्ट धरल्याशिवाय त्या खटक्याला हात लावू देऊ नये.

माझा एक अनुभव सांगतो. पावसाळ्यात अशोक स्तंभाजवळ जॉयस्टिकमध्ये पाणी गेले आणि खुर्ची भर रस्त्यात बंद पडली. एका रिक्षावाल्याने आपली रिक्षा माझ्या मागे आडवी लावून वाहने अडवली, खिशातली प्लास्टिकची पिशवी जॉयस्टिकवर चढवली, तिला रबरबँड लावला आणि मगच विचारले, ‘काका, कुठं धरू?’ त्या तीन शब्दांनी मला जो धीर आला, तो मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून एक पिशवी आणि रबरबँड माझ्या खुर्चीला कायम अडकवलेले असतात.

नकार देण्याबाबत माझा सल्ला असा, की नुसते ‘नको’ म्हणून थांबू नये. मदतीला आलेल्या माणसाला काहीतरी करायचे असते. त्याला दुसरे काम सांगावे. ‘माझे जमते आहे, पण ती मोटरसायकल जरा बाजूला घेता का?’ असे म्हटले, की तो आनंदाने ती सरकवतो आणि आपली वाटही मोकळी होते. आपली भाजीवाली मावशी न सांगता हेच करते. तिने खुर्चीला हातही लावला नाही, आणि म्हणूनच तिची मदत आपल्याला इतकी सुखाची वाटली असावी.

आजींची नोट त्यांच्या हातात परत देऊन ‘आजी, माझ्या वाटची ही देवापुढे ठेवा’ असे म्हणावे. त्यांचा भाव राहतो आणि आपला मानही राहतो.

दुकानाच्या पायरीवरून मात्र चार जणांनी आपल्याला उचलून नेणे, याला मी कायमचा तोडगा मानत नाही. रॅम्पचा उतार १:१२ असावा लागतो; १५ सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांब. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा २०१७ च्या एप्रिलपासून लागू आहे आणि सुगम्यता, म्हणजे सर्वांना सहज ये-जा करता येणे, हा त्यात हक्क म्हणून मांडलेला आहे. दुकानदार ओळखीचा असेल, तर त्याच्याकडे हा विषय जरूर काढावा.

मुलाची काळजी रास्त आहे. निघताना बॅटरी पूर्ण चार्ज करावी, फोन गळ्यात अडकवावा आणि कोणत्या वाटेने जाणार ते सांगून जावे. पण जाणे थांबवू नये. कारंज्याजवळून आपले येणे-जाणे असतेच. एकदा त्या दुकानापाशी थांबून त्या मुलांचे आभार माना, आणि आर्मरेस्ट कशी निखळते व सांगाडा कुठे धरायचा, हे त्यांना तिथेच दाखवून द्या.