मंगळावरचा चेहरा कोणी घडवला?

प्रश्न : आमच्या आठवीच्या वर्गातील मुलांनी मंगळावरची काही छायाचित्रे मोबाइलवर पाहिली. एकात माणसाचा चेहरा दिसतो, दुसऱ्यात कड्यात कोरलेले दार, तर तिसऱ्यात काटकोनात बांधल्यासारख्या भिंती. हे सारे निसर्गानेच घडवले आहे असे मी सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, ‘मग वेरूळची लेणी माणसांनी कोरली, हे आपण कशावरून म्हणतो?’ तिला काय उत्तर द्यावे?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, म्हणून उत्तराची सुरुवात वेरूळपासूनच करू. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात घडलेले कैलास लेणे मानवनिर्मित आहे, असे आपण ते केवळ देवळासारखे दिसते म्हणून मानत नाही. खडकावर टाकीचे घाव आहेत, काम वरून खाली उतरत गेल्याच्या खुणा आहेत, शिल्पांवर गिलावा आणि रंगाचे अवशेष आहेत. अजिंठ्याचे चोविसावे लेणे तर अर्धवटच राहिले आहे, त्यामुळे खांब कोणत्या क्रमाने मोकळे केले जात होते हे तेथे उघड दिसते. आपण जितके जवळ जातो तितका घडवणाऱ्याचा हात अधिक स्पष्ट होत जातो, आणि मंगळावरच्या प्रत्येक चित्राला हीच कसोटी लावावी.

देवगिरीचे उदाहरण मुलांना अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते, कारण तेथे दोन्ही गोष्टी एकाच डोंगरात आहेत. दुरून पाहणाऱ्याला त्या डोंगराचा शंकूसारखा घाट मुद्दाम घडवल्यासारखा वाटतो, परंतु तो बेसॉल्टच्या थरांची झीज होऊन झालेला आहे. माणसांनी तासला तो त्याच्या पायथ्याभोवतीचा उभा कडा आणि खंदक. केवळ आकारावरून निवाडा करणारा नेमका येथे फसेल.

आता चेहऱ्याकडे येऊ. व्हायकिंग-१ हे यान 25 जुलै 1976 रोजी मंगळाभोवती फिरत असताना, व्हायकिंग-२ ला उतरण्यासाठी योग्य जागेचा शोध चालू होता. त्या वेळी सिडोनिया नावाच्या प्रदेशातील सुमारे दोन-तीन किलोमीटर लांबीच्या एका टेकडीचे छायाचित्र निघाले. सूर्य क्षितिजाजवळ होता, त्यामुळे टेकडीचा अर्धा भाग सावलीत बुडाला आणि खोलगट जागा डोळ्यासारख्या, तोंडासारख्या दिसू लागल्या. पृथ्वीकडे संदेश येताना काही माहिती गळाली होती आणि ती चित्रात काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उमटली. त्यांतील एक ठिपका नाकपुडीच्या जागी पडला. उरलेले काम आपल्या मेंदूने केले, कारण दोन डोळे आणि एक तोंड यांचा मेळ दिसताच चेहरा ओळखण्याची सवय माणसाला तान्हेपणापासून असते.

मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने 1998 मध्ये याच टेकडीचे कितीतरी अधिक तपशिलाचे चित्र घेतले. तेव्हा आकाशात विरळ ढग असल्याची तक्रार काहींनी केली, म्हणून 8 एप्रिल 2001 रोजी निरभ्र आकाशात पुन्हा छायाचित्र घेण्यात आले. त्यात एकेक बिंदू सुमारे दीड मीटरचा होता, म्हणजे तेथे एखादे घर असते तरी ओळखता आले असते. दिसली ती माथा सपाट, कडा झिजलेल्या आणि उतारांवर दगडगोटे असलेली टेकडी. तिच्या शेजारी तशाच अनेक टेकड्या विखुरलेल्या आहेत. वेरूळच्या नेमके उलटे येथे घडले : जवळ गेल्यावर पापणी किंवा ओठ अधिक रेखीव झाले नाहीत, चेहराच विरून गेला. माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे.

काटकोनी भिंतींचा प्रदेश मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ आहे. मरिनर-९ यानाने 1972 मध्ये त्याची छायाचित्रे पाठवली आणि त्याला ‘इंका सिटी’ हे टोपणनाव मिळाले. पुढे 2002 मध्ये अधिक विस्तृत चित्र पाहिल्यावर लक्षात आले की या भिंती सुमारे 86 किलोमीटर व्यासाच्या एका वर्तुळाकार रचनेचा भाग आहेत, आणि अशी वर्तुळे उल्काघाताने होतात. आघाताने तडकलेल्या जमिनीच्या भेगांत लाव्हा किंवा वाळू भरून घट्ट झाली असावी आणि भोवतालचा मऊ भाग झिजून ती उघडी पडली असावी, अशी स्पष्टीकरणे मांडली गेली आहेत. भेगांत शिरून थिजलेल्या लाव्ह्याच्या अशा भिंती, ज्यांना भूशास्त्रज्ञ डाइक म्हणतात, धुळे-नंदुरबार भागात मैलोन्‌मैल पाहायला मिळतात. मुलांना सहलीला तेथे नेता आले तर अवश्य न्यावे.

दाराचे उत्तर थोडक्यात देता येते. क्युरिऑसिटी या फिरत्या यानाने 7 मे 2022 रोजी टिपलेले ते ‘दार’ सुमारे 30 सेंटिमीटर उंच आहे. चित्रात मापासाठी माणूस किंवा झाड नसल्याने ते पुरुषभर उंच वाटते. खडकातील भेगा एकमेकींना छेदतात, मधला तुकडा निखळतो आणि खोबण उरते.

प्रश्न : अशी चित्रे अंतराळ संस्था दडवून ठेवतात, असे ऐकतो. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : नाही. क्युरिऑसिटीची मूळ छायाचित्रे नासाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असतात. दाराचे चित्रही लोकांना तेथेच सापडले. मार्स रिकॉनेसन्स ऑर्बिटर या यानावर हायराइज नावाचा कॅमेरा आहे, ज्याच्या उत्तम चित्रातील एक बिंदू सुमारे 25 ते 30 सेंटिमीटरचा असतो, आणि मंगळावरील कोणत्या जागेचे चित्र घ्यावे हे सुचवण्याची सोय सामान्य नागरिकांनाही आहे. याच कॅमेऱ्याच्या चित्रांत एका विवराच्या कड्यावर बेसॉल्टचे बहुभुजी खांब आढळले आणि 2009 मध्ये ते प्रसिद्धही झाले. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसतात तसेच ते लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे तयार झाले आहेत. ते ओळीने रचल्यासारखे दिसत असूनही ती बातमी चेहऱ्याइतकी कधी पसरली नाही, याची मला खंत वाटते, कारण लाव्हा थंड होताना तेथे पाणी असावे, असा अंदाज त्या खांबांच्या घडणीवरून बांधता आला.