आई गेली, आणि मला तिचा रागच येतो

"आई जाऊन पाच महिने झाले, मॅडम. जो तो म्हणतो, केवढं केलं तिनं तुमच्यासाठी. खरंच केलं. पण मला रडू येत नाही, रागच येतो. मी कृतघ्न आहे का?"

हा प्रश्न माझ्याकडे अनेकांच्या तोंडून येतो, आणि विचारणारी बहुतेकदा कष्टकरी आयांची मुलं असतात. डिचोलीजवळच्या एका पंचेचाळिशीतल्या बाईंनी तो विचारला, त्याची ही हकिकत. त्यांच्या संमतीनेच सांगते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांची आई चंदगडकडची. नवरा वारल्यावर दोन मुलांना घेऊन तिलारीचा घाट उतरली आणि गोव्यात काजूच्या कारखान्यात लागली. मजुरी किलोवर. सण असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की मुलीचा ताप, तिच्या डोक्यात आधी किलोचा हिशेब. वाड्यावर 'घाटी' म्हणून हिणवणारेही होते. मुलगी शिकली, बँकेत लागली, सासरही गोव्यातच मिळालं. थकल्यावर आई तिच्याकडे राहायला आली आणि नातीचीच होऊन गेली.

"माझ्या लेकीला मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या, केस विंचरले. मला कधी जवळसुद्धा घेतलं नाही!" बाईंचा आवाज चढला आणि लगेच त्यांनी माफी मागितली. माफी कशाची? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा दंडक चारचौघांत ठीक आहे. समुपदेशनाच्या खोलीत तो पाळला, तर खरं बोलायला जागाच उरत नाही.

'रागाची पायरी' कधी संपणार, असंही त्यांनी विचारलं. इंटरनेटवर वाचलं होतं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेले ते पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेले होते. मागे राहिलेल्यांनी ते क्रमाने चढायचे असा काही नियम नाही. राग, कोरडेपणा, अगदी स्वतःच्या लेकीचा हेवासुद्धा शोकातच येतो. मात्र सहा महिने उलटूनही झोप, जेवण, रोजची कामं जमेनाशी झाली, तर मदत घ्यावी: बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर. जीव द्यावासा वाटत असेल, तर सहा महिने सोडाच, एक दिवसही थांबू नये.

आईचे गुण मी त्यांना विचारले नाहीत. एक साधी संध्याकाळ सांगा म्हटलं, आई कामावरून आल्यापासून निजेपर्यंतची.

काजूच्या टरफलात दाहक तेल असतं. कातडीला लागलं की ती काळी पडते, फोड येतात, सालं निघतात. बायका हाताला राख नाहीतर तेल चोळून कामाला बसतात, तरी बोटं काळवंडतातच. आई आली की पायरीवर बसून खोबरेलाने एकेक बोट चोळायची, मग भात टाकायची. शाळेत कधी यावं लागलंच तर हात पदराखाली. "ताप आला तर कोपराकडचा हात कपाळाला लावून बघायची," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "तळहात कधीच नाही."

मी त्यावर काही बोलले नाही. लेकीला आजीच्या आठवणी विचारा, एवढंच सुचवलं.

पुढच्या भेटीत त्या बसायच्या आधीच बोलू लागल्या. नातीच्या गालावरून हात फिरवताना आजी म्हणायची, "तुझ्या आईला असं कुरवाळता आलं नाही गं मला. हात जळके होते माझे."

त्या दिवशी त्या पुष्कळ रडल्या. तरी राग सगळा गेला नाही. "स्नेहसंमेलनाला आली नाही, ती नाहीच आली." बरोबर आहे. कारण कळलं म्हणून उणीव भरून निघत नाही, आणि ती भरून निघाली असं दाखवण्याचीही गरज नाही. कष्टकरी बाई गेली की आपण तिला त्यागमूर्ती करून टाकतो. मग तिच्या मुलांना तक्रारीपुरतीही जागा उरत नाही. आणि एक प्रश्न कुणी विचारत नाही: मुलीच्या वाट्याचा वेळ आईने दिला नाही खरा, पण तो गेला कुठे? एक खाडा झाला की त्या दिवसाची कमाई बुडाली, अशा मजुरीत गेला. रागाचा काही भाग तिकडेही वळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्षश्राद्धाला वर्तमानपत्रात द्यायच्या मजकुरावरून भावाबहिणीत वाजलं. भावाला 'प्रेमळ, मायाळू' पुरेसं वाटत होतं; काजू कारखान्याचा उल्लेख नको, लोक काय म्हणतील? बाई हटल्या नाहीत, उल्लेख छापून आला. तो वाचून आईबरोबर काम केलेल्या दोघी म्हाताऱ्या जेवायला आल्या. वजनकाट्यात मारतात म्हणून आई मुकादमाशी कशी भांडायची, एकदा तर काट्यासमोर ठाण मांडून कशी बसली होती, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. भावाने पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. दोघांपैकी कुणालाच यातलं काही ठाऊक नव्हतं.