यार्डभर रूळ आणि वीस वर्षांची पॉलिसी

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचकांचे पाच पानी पत्र आले आहे. त्यातली साडेचार पाने रेल्वेची. वय ४७, नोकरी कुपवाड एमआयडीसीत, हातात महिना ५८ हजार. घराच्या कर्जाचा हप्ता साडेचौदा हजार, अजून सहा वर्षे. मुलीने नुकतीच दहावीची परीक्षा दिली, मुलगा सातवीत. गच्चीवरच्या खोलीत ते जुन्या मिरज जंक्शनचे मॉडेल उभे करताहेत, १:८७ या प्रमाणात. मिरजेला एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. यांना तिन्ही हवेत, आणि तिन्ही रूळ इंग्लंडहून येतात.

प्रश्न असा: "एका वेळी आठ-दहा हजारांचा माल मागवला की घरी येईपर्यंत दुपटीहून जास्त पडतो. त्यापेक्षा वर्षाचा माल एकदम मागवू का? ७५ हजार लागतील. पॉलिसीच्या हप्त्यांसाठी सहा लाख बाजूला ठेवलेत, त्यातून उचलतो. नाहीतरी २०२८ ला १२ चे २४ होणारच आहेत."

शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले. पण आधी जे विचारलेत ते.

मार्चच्या पार्सलचा हिशेब तुम्हीच दिला आहे. माल ८,२००, भाडे ३,९००, ड्युटी आणि कुरिअर कंपनीची क्लिअरिंग फी मिळून ६,४००. एकूण १८,५००. वर्षात अशी पाच पार्सले म्हणजे साडेब्याण्णव हजार, त्यात खरा माल ४१ हजारांचा. ड्युटी फक्त मालावर लागते असे तुम्ही धरून चालला आहात. ती माल, भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर लागते, आणि ड्युटी धरून जी रक्कम होते तिच्यावर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. म्हणजे भाडे जेवढे जास्त तेवढा करही जास्त. वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार, तो तुम्ही हिशेबात धरलेलाच नाही. बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतो, अधिक त्यावर जीएसटी.

भाडे एवढे का, याचे उत्तर रुळाच्या लांबीत आहे. तुमचा रूळ ९१४ मिमी, म्हणजे एक यार्ड. टपालाच्या छोट्या पाकिटाला दोन किलो वजनाची आणि ६०० मिमी लांबीची मर्यादा असते. म्हणून रूळ कुरिअरने येतो, आणि कुरिअरवाले नुसत्या तराजूवर वजन करत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५,००० ने भागायचे. तुमची पेटी ९५ बाय १२ बाय १२, म्हणजे पावणेतीन किलो. आतला माल तुम्ही घरी तोलून लिहिला आहे, सव्वा किलो. बाकीचा दीड किलो म्हणजे हवा, तीही इंग्लंडची, आणि तिचे भाडे सांगलीत भरायचे.

सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे फाटे) आणि छोटे सुटे भाग टपालाने येऊ शकतात, पण तेही पूर्वीच्या दरात नाही. २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हात जागतिक टपाल संघाची बैठक झाली. बाहेरून येणारी छोटी पाकिटे वाटण्याचा दर बऱ्याच देशांना स्वतः ठरवता येऊ लागला, आणि पाकिटे महागली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे 'गिफ्ट' म्हणून पार्सल सोडवायची वाटही बंद झाली, राख्या आणि जीवरक्षक औषधे एवढे सोडून. तेव्हा इंग्लंडातल्या भाच्याला पेटीवर 'गिफ्ट' लिहायला सांगू का, या तळटीपेचे उत्तर: नका सांगू.

एकदम मागवले तर? माल ४१ हजार, एका मोठ्या पेटीचे भाडे तुम्हाला कळवलेले साडेनऊ हजार, त्यावर तुमच्याच पार्सलांच्या सरासरीने ४५ टक्के ड्युटी, फी एकदाच. ७४ हजारांच्या आसपास. म्हणजे १८ हजार वाचतात. हिशेब तुमचा चोख आहे. धोका एकच: असा माल कस्टमवाल्यांनी खेळणी म्हणून धरला, तर मूळ ड्युटीच फार मोठी आहे. २०२० मध्ये ती २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. आठ हजारांच्या पेटीवर ते सोसता येते, ४१ हजारांच्या पेटीवर तोंडचे पाणी पळेल.

माझे मत: वर्षाला दोन पेट्या, फक्त लांब रुळांच्या. सांधे आणि सुटे भाग बर्मिंगहॅमचा भाचा दिवाळीला येतो तेव्हा त्याच्या बॅगेतून. प्रवाशाच्या सामानाला ठरावीक रकमेपर्यंत ड्युटी नसते, आणि सांधा सूटकेसमध्ये मावतो. पैसे पगारातून, महिन्याला तीन हजार, भाडे आणि ड्युटी धरून. आज तुम्ही हातात येणाऱ्या पगाराच्या तेरा टक्के या छंदावर घालवता. छंद सोडा म्हणणारा मी नव्हे, पण तेरा टक्के फार झाले. "ही इंजिने पुढे चढ्या भावाने विकली जातात" हे वाक्य मी वाचलेच नाही असे समजतो. खोका उघडला की भाव उतरतो, आणि तुम्ही खोके न उघडता ठेवणाऱ्यांतले नाही.

झाले. आता ते शेवटचे अर्धे पान.

आईच्या वाट्याची तासगावची द्राक्षबाग विकून तुम्हाला १२ लाख मिळाले. एफडी करायला बँकेत गेलात आणि पॉलिसी घेऊन परत आलात. "एफडीसारखीच आहे, वर्षाला दोन लाख, पाच वर्षांत दुप्पट," असे सांगितले गेले. पडताळणीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" असेही शिकवले गेले, आणि तुम्ही हो म्हणालात. जून २०२३, २०२४, २०२५ असे तीन हप्ते गेले. चौथा १८ जूनला.

पत्रात दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिता, ब्रॉडगेज १,६७६ मिमी, भागिले ८७, म्हणजे १९.३ मिमी व्हायला हवा. बाजारात साडेसोळाचाच मिळतो, आणि ही पावणेतीन मिलिमीटरची चूक तुम्हाला झोपू देत नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो तुम्ही सोबत जोडला आहे. कागद उडू नये म्हणून कोपऱ्यावर इंजिन ठेवलेले दिसते. मी फोटो मोठा केला. प्रीमियम भरण्याचा कालावधी १० वर्षे. पॉलिसीची मुदत २० वर्षे. विमा रक्कम २० लाख. मिलिमीटर मोजणाऱ्या माणसाने या तीन ओळी तीन वर्षांत वाचल्या नाहीत, याचे मला अजून नवल वाटते.

२०२८ मध्ये तुम्हाला काहीही मिळणार नाही. त्या वर्षी तुम्ही सहावा हप्ता भरत असाल, आणि बागेचे पैसे तिथेच संपतील. पुढचे चार हप्ते, आठ लाख, पगारातून. नेमके तेव्हा मुलगी बारावी होऊन इंजिनिअरिंगला जाईल. तिच्या फीसाठी तुम्ही ज्या २४ लाखांवर विसंबला आहात, ते अस्तित्वातच नाहीत. पैसे मिळतील २०४३ मध्ये. तुम्ही तेव्हा ६४ वर्षांचे असाल.

आणि दुप्पट? सहा वेळा दोन लाख भरून शेवटच्या हप्त्यालाच २४ लाख हवे असतील, तर वर्षाला साडेसत्तावीस टक्के परतावा लागतो. कोणती बँक एफडीवर तो देते, हे काउंटरवरच विचारायचे होते. तुमच्या कागदावरच्या तक्त्यात विमा रकमेवर दरवर्षी हजारी ३५ रुपये बोनस धरला आहे, आणि तोही हमीचा नाही. तो मिळाला असे समजू. दहा वर्षांत २० लाख भरा, विसाव्या वर्षी ३४ लाख घ्या. हा साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा व्यवहार आहे. महागाईला तरी पुरते का ते?

"आता बंद केली तर नुकसान होईल" असे तुम्ही आधीच कंसात लिहून ठेवले आहे. झालेले नुकसान झाले. पाहायचे ते पुढचे. तीन वाटा आहेत.

चालू ठेवणे: आणखी १४ लाख घाला. ते तुमच्याकडे नाहीत, त्यामुळे ही वाट कागदावरच आहे. असते तरी, सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडून मिळणारे, ३ लाख आणि हे १४ सात टक्क्यांनी वाढवले तर २०४३ पर्यंत जवळपास ४६ लाख होतात. पॉलिसी देणार ३४.

हप्ते थांबवून पेड-अप करणे: दहापैकी तीन हप्ते भरले, म्हणून विमा रक्कम ६ लाखांवर येते, अधिक आतापर्यंतचा बोनस दोन लाखांच्या आसपास. आठ लाख, तेही सतरा वर्षांनी.

सरेंडर: तुमच्याच कागदावर तक्ता आहे. तिसऱ्या वर्षात भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के, चौथ्यापासून ५०. सहा लाखांचे आज दोन लाख दहा हजार, आणि १८ जूननंतर तीन लाख. तेव्हा घाईघाईने उद्याच अर्ज देऊ नका. कंपनीकडून दोन्ही तारखांचे आकडे लेखी मागवा. चौथा हप्ता न भरता ५० टक्के मिळतात का, तेही लेखीच. कंपनी वेगळ्या हिशेबाने काढते ती स्पेशल सरेंडर व्हॅल्यू याहून जास्त निघाली तर उत्तमच. तीन लाख सात टक्क्यांनी सतरा वर्षांत तिपटीहून थोडे जास्त होतात, म्हणजे साडेनऊ लाख. पेड-अपच्या आठांपेक्षा बरे. शिवाय पैसे तुमच्या हातात राहतात.

मी सरेंडर म्हणतो. पण त्याआधी दोन कामे, आणि याच क्रमाने.

पहिले, टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यू झाला तर रक्कम देणारा विमा. आज तुमच्यामागे फक्त या पॉलिसीचे २० लाख आहेत. तीन वर्षांचा पगारही भरत नाही, आणि त्यातून कर्ज फेडायचे आहे. ७५ लाख ते एक कोटीची साधी टर्म पॉलिसी घ्या, साठीपर्यंतची. रक्तदाबाची गोळी सुरू आहे हे अर्जात लिहा, लपवू नका. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावायचा नाही.

दुसरे, त्या सहा लाखांच्या खात्यावर ऑटो-डेबिट आहे. बँकेत जाऊन तो आदेश मे महिन्यातच रद्द करा आणि पोच घ्या. नाहीतर आपण इथे हिशेब मांडत बसू आणि १८ जूनला सकाळी दोन लाख निघून गेलेले असतील.

फसवून विकल्याची तक्रार करा. आधी कंपनीकडे लेखी, पडताळणीच्या फोनचे रेकॉर्डिंग मागून. महिन्यात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे. सांगलीसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही. तुम्ही फोनवर "हो" म्हणाला आहात, त्यामुळे मी फार आशा दाखवत नाही. एक पान लिहायला एक संध्याकाळ जाते, एवढेच.

सहा लाख सध्या बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर पडून आहेत. त्यातले चार लाख मुलीच्या फीसाठी दोन वर्षांच्या एफडीत. शेअर बाजारात नाही, २०२८ अगदी तोंडावर आहे. दीड लाख अडीनडीला, केव्हाही मोडता येतील असे. पन्नास हजारांतून टर्मचा पहिला हप्ता, आणि उरतील ते तिथेच राहू द्या. सरेंडरचे तीन लाख दोन आर्थिक वर्षांत दीड-दीड करून पीपीएफमध्ये. चार लाखांत मुलीचे सगळे शिक्षण होणार नाही, हे मलाही दिसते. कमी पडेल तिथे तिच्या नावाने शैक्षणिक कर्ज काढा. यात रुळांसाठी ७५ हजार कुठेच बसत नाहीत, म्हणून वर तीन हजार महिना म्हणालो.

जूनमध्ये बँकेतून फोन येईल. त्यांचा मुद्दा मला आत्ताच ऐकू येतो आहे: "सर, आता पॉलिसीवर जीएसटी पण नाही, चालू ठेवा." खरे आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो नाही. तुम्ही पहिल्या हप्त्यावर साडेचार टक्के आणि पुढच्या दोन्हींवर सव्वादोन, असे अठरा हजार आधीच भरून बसला आहात. वर्षभराची पार्सले एकत्र करून वाचणार होते तेवढेच. फोनवर काही बोलू नका, जे सांगायचे ते लेखी पाठवा म्हणा.

आणि भाच्याला सांध्यांची यादी सप्टेंबरातच द्या. १२ मिमीचे आधी, कारण मीटरगेजशिवाय मिरज होत नाही, असे तुम्हीच लिहिले आहे.